दीड गोळीचा खिसा

ता. ११ जानेवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. एवढं लिहिलं की भांडायला मोकळा, असं तूच शिकवलंयस.

पट्टीचे खिसे मी मुद्दाम उसवत नाही, हे आता कितव्यांदा लिहू? कापड तुझं, दोरा तुझा, मशीन तुझं, आणि उसवलं की नाव माझं! छातीत धातूची झडप बसवून तीन वर्षं झाली. तेव्हापासून तू सात वारांच्या सात खिशांची पट्टी शिवतेस, मी जेवल्यावर त्या वाराच्या खिशातली गुलाबी दीड गोळी घेऊन रक्त पातळ करतो, आणि महिनाअखेर पट्टी तुला धाडतो. बाकीच्यांचे भाऊ घरी फोटो पाठवतात, मी चिंध्या पाठवतो. या खेपेला सगळेच खिसे ढिले पडलेत. कापडच हलकं होतं, मान्य कर.

बातमी अशी, की मला हिरकणी मिळाली! हिऱ्याच्या टोकाची, काच कापायची. दोन वर्षं मी या कारखान्यात तुकडे झाडले, किनारी घासल्या. आता मिस्त्रीने चारचौघांत सांगितलं, की नव्या सभागृहाच्या छताची काच हा पोरगा कापेल. तक्ता चौदा फुटी. एका दमात एक रेघ ओढायची, मधे हात उचलायचा नाही. उचललास की काच स्वतःच्या मनाने फुटते. पाचवीतून पळालेल्या माणसाची रेघ सगळ्यांत सरळ येते, हे आपल्या शाळेच्या मास्तरांना भेटशील तेव्हा कळव.

आईला सांग, जेवण दणक्यात चाललंय. दोघांचं ताट एकटा उडवतो. गाल असे वर आलेत की खोलीतले मला भोपळा म्हणतात. झोप कमी लागते, पण अंगात इतका जोर आहे की पहाटे उठून सगळ्यांचे बूट पुसून ठेवतो. दोन हजार पाठवलेत.

——————

रेघेखालचं नेहमीप्रमाणे आईला वाचून दाखवू नकोस. उजवं मनगट मधे सुजलं होतं, ते उतरलं. कसं उतरलं ते विचारू नकोस. दात घासताना थोडं रक्त येतं, ते ब्रश नवा आहे म्हणून.

लोभ असू दे, उपदेश तिथेच राहू दे.

पारा

 

ता. २३ जानेवारी

चि. पाऱ्यास,

अ. आ. आणि सोबत एक धपाटा, तो पोचला असं समज.

कापड हलकं नव्हतं. गणवेशाचं आहे ते, त्यात पोरं भिंती चढतात. मी खिसा शिवते तो गोळी मापून शिवते. दीड गोळी आत गेली की वर बोट टेकायला जागा उरत नाही. तुझे सातही खिसे एकाच मापाने फुगलेत. फाटलेलं वेगळं, झिजलेलं वेगळं आणि ताणलेलं वेगळं, हे बावीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला शिकवू नकोस. दीडच्या जागी तीन-साडेतीन कोंबल्यास तू. गुरुवारचा खिसा उलटा केला, तर शिवणीत अडकलेला पांढरा तुकडा निघाला. तुझी गोळी गुलाबी.

तो तुकडा कागदात बांधून औषधवाल्याकडे नेला. एवढ्याशा कणावरून काय सांगू, म्हणाला. मग मीच विचारलं, की अशी कुठली गोळी आहे जिने सूज जाते, भूक लागते, गाल फुगतात आणि झोप उडते. त्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि हे कोणाला होतंय ते आधी सांगा, म्हणाला. स्टेरॉइड असणार. औषध वाईट नाही, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या जोडीला घेतलं तर रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा वर चढू शकतो आणि पोटात आतल्या आत रक्त सुटू शकतं. हिरड्यांचं सांगितलं तेव्हा त्याने ब्रशची चौकशी केली नाही.

आता पुढचं नीट वाच. घाबरून एकदम बंदही करू नकोस. बरेच दिवस घेतली असशील तर शरीराला तिची सवय लागलेली असते, झटक्यात तोडली की माणूस कोसळतो. रक्त तपासणाऱ्या सिस्टरकडे जा. काय घेतोस, किती घेतोस, कधीपासून घेतोस, एवढं सांग. बाकी ती बघेल.

आईला वरचं वाचून दाखवलं. वाचता वाचता थांबले, तर डोळे मिटूनच म्हणाली, रेघ आली वाटतं. दिसत नसलं तरी तिला ऐकू येतं, हे आपण दोघं विसरतो.

तुझे दोन हजार परत पाठवतेय. आधी रक्ताचा आकडा पाठव, मग पैसे.

लोभ आहेच, तोच नडतो.

अक्का

 

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. ऐवजी वि. रा., म्हणजे विशेष राग.

——————

या वेळी रेघ वरच मारलीय. सगळं पत्र रेघेखालचं आहे.

औषधवाल्यापुढे माझे गाल मांडलेस? उद्या गल्लीत दवंडी पिटव. हात माझा, रक्त माझं, छातीत टिकटिक करते ती झडपही माझी. तू तिकडे बसून खिसे मोज.

ऐकायचंच असेल तर ऐक. डिसेंबरात मनगट असं सुजलं, की हिरकणी राहू दे, शर्टाचं बटण लागेना. मिस्त्री दुसऱ्या पोराकडे बघायला लागला. आमच्या खोलीत चष्मेवाले काका आहेत, चाळीस वर्षं काच कापतायत. त्यांना दम्यासाठी डॉक्टरने पांढऱ्या गोळ्या दिल्यात. त्यांनी स्वतःच्या डबीतून काढून मला दिल्या. आपल्या औषधातलं कोण कोणाला देतं गं? तिसऱ्या दिवशी मनगट माझं झालं. पुढच्या गोळ्या मी त्यांच्याच चिठ्ठीवर आणतो. आज सातवा आठवडा, आणि हात लोण्यासारखा चालतो.

सिस्टरला सांग म्हणतेस. सांगितलं की ती दोनातली एक काढणार. गुलाबी काढता येत नाही, झडपेवर रक्ताची गाठ धरेल. म्हणजे पांढरी जाणार. पांढरी गेली की मनगट गेलं, मनगट गेलं की हिरकणी गेली, आणि मी पुन्हा झाडू घेऊन तुकड्यांत. हे पाहिजे तुला?

झडप बसवली तेव्हा सगळ्यांनी मला सांगितलं, ओझं नको, धार नको, धावपळ नको. गल्लीतली पोरं मला काचेचं भांडं म्हणायची. तू त्यांच्यामागे कात्री घेऊन धावली होतीस, आठवतं? म्हणून तर मी काचेतच आलो. आता काच मला घाबरते.

रक्त तपासायला दोन महिने गेलो नाही, कारण सिस्टरचा वार मंगळवार आणि आमचा माल यायचा वारही मंगळवार. मांडीवर एक निळा डाग आहे, तो पलंगाची कड लागून. झालं समाधान?

परत आलेले दोन आणि वर एक, असे तीन हजार पाठवतोय. परत केलेस तर चार पाठवीन. बघू कोण आधी दमतं.

लोभ ठेवायचा तर ठेव, मी विनवणार नाही.

पारा

 

ता. १५ फेब्रुवारी

चि. पाऱ्यास,

अ. आ.

तीन हजार परत. चार आले तर चार परत. पोस्टमन विचारत होता, हे पैसे आमच्याकडे हवापालटाला येतात का.

तू ऐकत नाहीस हे मला तू रांगत होतास तेव्हापासून माहीत आहे. म्हणून वाद घालत नाही, पट्टी पाठवतेय. या वेळी प्रत्येक वाराला दोन खिसे आहेत. वरची ओळ गुलाबी दोऱ्याची, खालची पांढऱ्या. घे म्हणून शिवलेले नाहीत. पण घेतोसच, तर उघड घे. लपवायचा खिसा माझ्या मशीनवर शिवला जाणार नाही.

सिस्टरपुढे तोंड उघडत नसेल तर उघडू नकोस. पट्टी भर, तिच्या टेबलावर ठेव आणि गप्प उभा राहा. बाई कामाची असेल तर तिला वाचता येईल.

औषधवाल्याकडे पुन्हा गेले होते. तो म्हणाला, शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा लहानशी जखम वाहायची थांबेना, तर वार बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मी दोनदा लिहिते, कारण तू एकदा लिहिलेलं वाचत नाहीस. त्याच दिवशी. त्याच दिवशी.

काच तुला घाबरते म्हणालास. तिला रक्त नसतं, पाऱ्या. तिला कसली भीती?

कात्री घेऊन धावणारी तीच,

अक्का

 

ता. ३ मार्च

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजव्यात सुई आहे. घाबरू नकोस. तू घाबरलीस की भांडणात मजा राहत नाही.

सोमवारी चौदा फुटी तक्ता टेबलावर घेतला. सगळा कारखाना हात थांबवून उभा. मी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. खालून हलकेच ठोकलं, आणि काच माझ्या रेघेवरून अशी सुटली की जणू तिला तिथूनच सुटायचं होतं. हे आधी लिहून ठेवतो. नंतरचं नंतर.

कापून उरलेली काचेची पट्टी उचलताना अंगठ्याला चाटली. दोऱ्याएवढी चीर. असल्या दिवसातून तीनदा लागतात. फडकं बांधलं, ते भिजलं. दुसरं बांधलं, तेही भिजलं. चहा झाला, जेवणाची घंटा झाली, तरी थांबेना. काचेवर रक्त फार दिसतं गं. पुसावं तितकं पसरतं. मिस्त्री जवळ येऊन हळूच म्हणाला, बोभाटा करू नको, मोठ्या साहेबांना तुझ्या झडपेचं कळलं तर संध्याकाळपर्यंत गेटाबाहेर जाशील.

तेव्हा मला तुझं ते दोनदा लिहिलेलं आठवलं. आणि आता लपवून काय करू, आदल्या दोन दिवसांचं काळंही आठवलं, जे मी कोणाला बोललो नव्हतो. मी मिस्त्रीला म्हटलं, संध्याकाळ कशाला, आत्ताच गेटाबाहेर चाललोय, दवाखाना त्याच बाजूला आहे.

मंगळवार नव्हता, तरी सिस्टर होती. मी तोंड उघडलं नाही. पट्टी टेबलावर ठेवली. तिने वरची ओळ बघितली, खालची बघितली, एक पांढरी गोळी तळहातावर घेतली आणि मग माझे गाल बघितले. म्हणाली, एका खोलीत दोन भाडेकरू ठेवलेस आणि घरमालकिणीला पत्ता नाही? बोलता बोलता रक्तही काढलं. माझा आकडा अडीच ते साडेतीनमधे हवा, हे तुला पाठ आहे. निघाला सहा पूर्णांक आठ. ती बाई तशीच उठून डॉक्टरला आणायला धावली, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

पाचवा दिवस आहे इथला. पोटात आत एक जखम झिरपत होती, ती थांबलीय. अंगठाही थांबलाय.

पण खरी चीड वेगळीच आहे. डॉक्टरने पांढरी गोळी काढली नाही! एकदम तोडता येत नाही, पायरी पायरीने उतरवायची, म्हणाला. अगदी तू लिहिलंस तसं. वर म्हणाला, सूज फार असेल तर गुलाबीबरोबरही थोडे दिवस ही द्यावी लागते, पण मग आम्ही गुलाबीचं माप बदलतो, पोट सांभाळायला तिसरी गोळी देतो, दर आठवड्याला रक्त बघतो. म्हणजे मी मागितली असती तर मिळाली असती. अडीच महिने मी माझ्याच औषधाची चोरी करत होतो. चोराला निदान दुसऱ्याचा माल तरी मिळतो!

चष्मेवाले काका रोज येतात. खाटेच्या पायथ्याशी बसून चष्मा पुसत राहतात. मी सांगितलं, गोळी तुम्ही दिलीत, गप्प मी बसलो. त्यांना ते पटत नाही. पुन्हा पुसतात.

या वेळी पैसे नाहीत. तू जिंकलीस, आता मिरवू नकोस.

रेघ तुला हवी तिथे मार.

पारा

 

ता. १२ मार्च

चि. बाळास,

आई सांगतेय आणि अक्का लिहितेय. अक्काने पदरचं काही घालायचं नाही अशी तंबी आहे. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सगळं वाचून घेतलं. मग मागची सगळी पेटीतून काढायला लावली आणि एका दुपारी तीन वर्षांचं रेघेखालचं ऐकलं. त्यात तू जिन्यावरून पडला होतास, तुला ताप आला होता, आणि एका मुलीने तुला नकार दिला होता. मुलीचं माझ्यापासून लपवायचं कारण कळलं नाही.

रक्त माझं, झडप माझी, असं लिहिलंयस. झडप बसवली तेव्हा नऊ तास दवाखान्याच्या बाकावर मी बसले होते. तू तिथे नव्हतास, तू झोपला होतास. तेव्हा त्या वाक्यात थोडी दुरुस्ती कर.

काच सोड, असं अक्का म्हणते. मी म्हणत नाही. सांगितलं म्हणून तू आजवर काय सोडलंयस? शाळा सोडलीस, तीही न सांगता. पण जिथे काम करशील तिथे झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत पाहिजे, की या पोराचं रक्त लवकर थांबत नाही. सांगायची लाज वाटत असेल तर ते काम तुझं नाही.

यापुढे पत्रात रेघ मारायची नाही. आकडा आल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, हा अक्काचा नियम मलाही मान्य आहे.

काकांना माझा नमस्कार सांग. त्यांनी चूक केली, पण हात आखडला नाही.

आई

(आणि जिला एक अक्षर बोलू दिलं नाही ती, अक्का)

 

ता. १९ एप्रिल

ती. आईस व अक्कास,

दोघींना एकाच ओळीत सा. न. वि. वि. कोणाला आधी मिळाला यावरून भांडू नका.

मिस्त्री म्हणाला होता, गुपचूप ये, किनारी घास आणि तोंड बंद ठेव. गेटापाशी एक मोठा आरसा आहे, कामावर येताना सगळे त्यात भांग पाडतात. मी काचेवर खुणा करायचं जाड पेन घेतलं आणि त्या आरशावर लिहिलं, की पाऱ्याचं रक्त पातळ आहे, लागलं तर आपोआप थांबत नाही, सरळ दवाखान्यात न्या. खाली दवाखान्याचा पत्ता. मिस्त्री फडकं घेऊन धावला, तर चष्मेवाल्या काकांनी त्याचा हात धरला. त्या माणसाला मी आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं, तेही पाहिलं.

मोठ्या साहेबांनी केस विंचरता विंचरता वाचलं आणि मला बोलावलं. चौदा फुटी तक्ता तूच कापलास का, विचारलं. मी म्हटलं, हो, आणि त्यावरचं रक्तही माझंच. ते म्हणाले, मोठ्या तक्त्यांना यापुढे हात लावायचा नाही, घरांच्या खिडक्यांची लहान तावदानं काप, पगार निम्मा. मी म्हटलं, निम्मा घेईन, पण हिरकणी परत देणार नाही, आणि मंगळवारी अर्धा दिवस मला सोडायचं. साहेब म्हणाले, जा, काम कर.

डॉक्टरलाही काच पसंत नाही. त्याच्याशी अजून भांडतोय. तोवर कातडी हातमोजे कोपरापर्यंत घालतो. हे अक्काला थंड करायला लिहिलंय, पण घालतो हे खरं.

पांढरी उतरवत आणली तशी मनगटाची सूज थोडी परत आली. सांध्यांच्या डॉक्टरने वेगळं औषध दिलंय, आणि सिस्टरला विचारून दिलंय. तिने त्याला माझ्यासमोर दोन प्रश्न जास्तच विचारले. उजव्याला पट्टा बांधलाय आणि त्या हाताने कापायची बंदी आहे, म्हणून डाव्याने शिकतोय. पहिली सहा तावदानं तिरकी गेली. सातवं काकांनी उजेडात धरलं, फिरवून बघितलं आणि ढिगावर ठेवलं. चांगल्या मालाच्या ढिगावर.

आकडा सांगतो. पांढरी कमी झाली तसा तो घसरत एक पूर्णांक नऊवर आला, तेव्हा सिस्टर सहा पूर्णांक आठपेक्षाही जास्त चिडली. वर गेला की रक्त सुटतं, खाली गेला की झडपेवर गाठ धरते, तुझं मधे कुठे पटतच नाही, म्हणाली. गुलाबी वाढवली. मग दोन पूर्णांक चार. काल दोन पूर्णांक नऊ. तिच्या सहीचा कागद जोडलाय, नाहीतर अक्का म्हणेल मीच लिहिला.

पट्टीही धाडतोय. खिसे ताणून बघ, बोटाने बघ, भिंग लावून बघ. खालची ओळ पुढच्या महिन्यापासून रिकामी असेल. ती उसवू नकोस. पांढरी पुन्हा कधी लागली तर डॉक्टरकडे मागून घेईन.

सभागृहाचं छत बसलं. रविवारी काकांबरोबर खाली उभा राहून बघून आलो. माझा तक्ता कुठला ते मला लगेच कळलं. लोक खालून जात होते, कोणी वर बघत नव्हतं. म्हणजे नीट बसलाय.

पत्रात रेघ नाही, शोधू नका. काच सोडणार नाही आणि मंगळवारही सोडणार नाही. दोघींनी लोभ धरून ठेवा, ओढाताण मी बघून घेतो.

पारा

ता. क. पोस्टमनला सांग, या खेपेला पैसे हवापालटाला नाही, मुक्कामाला येतायत. पगार निम्मा, त्यातून हातमोजे घेतले, उरले ते सगळे डाव्या हाताने कमावलेले आहेत. अक्का, आधी सिस्टरचा कागद वाच, मग मोज. नऊशे चाळीस.